‘सदैव कर्तव्यावर’ : महाराष्ट्र पोलीस अधिनियमातील कर्तव्य आणि मोबदला

प्रस्तावना

पोलीस व्यवस्थेविषयीची मराठीतील चर्चा बहुधा दोन टोकांवर चालते. एका टोकाला अधिकारांच्या गैरवापराबद्दलचा संताप असतो, तर दुसऱ्या टोकाला सणावारी रस्त्यावर उभ्या असलेल्या शिपायाविषयीची सहानुभूती. ज्या कायद्याने पोलीस दल उभे केले, त्याची संहिता मात्र दोन्ही पक्षांकडून क्वचितच वाचली जाते. मुंबई राज्याने १९५१ साली केलेला २२ वा अधिनियम, म्हणजेच मुंबई पोलीस अधिनियम, आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने ओळखला जातो. पोलिसाने काय करावे हे या अधिनियमात कलमवार सांगितले आहे. पोलिसाला काय मिळावे हा विषय एका खंडात आटोपून शासनाच्या आदेशाकडे सोपविला आहे. ही विषम मांडणी आणि तिचे परिणाम हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

संहितेतील दोन कलमे

अधिनियमाच्या कलम ५ मध्ये पोलीस दलाच्या रचनेची तरतूद आहे. त्यातील खंड (ब) नुसार भरती, वेतन, भत्ते आणि सेवेच्या अन्य सर्व अटी राज्य शासन सर्वसाधारण किंवा विशेष आदेशाद्वारे वेळोवेळी ठरवील त्याप्रमाणे असतात. वेतनाबाबत अधिनियमाचे म्हणणे जवळजवळ येथेच संपते. तत्त्व नाही, किमान मर्यादा नाही, कामाच्या तासांचा उल्लेख नाही, साप्ताहिक सुट्टीचाही नाही.

याउलट कलम २८ पाहावे. रजेवर किंवा निलंबित नसलेला प्रत्येक पोलीस अधिकारी हा या अधिनियमाच्या सर्व प्रयोजनांसाठी सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाते, आणि त्याला राज्याच्या कोणत्याही भागात कामाला लावता येते. येथे ‘पोलीस अधिकारी’ या संज्ञेत शिपाईही येतो. कलम ६४ पासून पुढे कर्तव्यांचा विस्तार आहे. समन्स व वॉरंट बजावणे, गुन्ह्यांची माहिती काढणे, गुन्हे रोखणे, रस्त्यातील असहाय व अपंग व्यक्तींना मदत करणे, वाहतुकीचे नियमन करणे अशी ती यादी लांबत जाते. कलम २९ नुसार कनिष्ठ श्रेणीच्या पोलिसाला ठरावीक अटी पाळल्याशिवाय राजीनामा देता येत नाही आणि कामावरून अंगही काढून घेता येत नाही. ही अट मोडल्यास कलम १४५ मध्ये कारावासाची तरतूद आहे. अन्य शासकीय कर्मचाऱ्याच्या बाबतीत जी गोष्ट शिस्तभंगाच्या कारवाईवर थांबते, ती येथे फौजदारी अपराध ठरते.

कलम २८ मधील शब्दयोजना बारकाईने पाहण्यासारखी आहे. पोलीस प्रत्यक्षात सदैव कामावर असतो, असे कलम म्हणत नाही; तसे ‘मानले जाईल’ असे म्हणते. कायद्याने गृहीत धरलेली ही स्थिती अधिनियमाच्या प्रयोजनांपुरती आहे. घरी जेवायला बसलेल्या शिपायासमोर चोरी झाली, तर त्याची पाळी संपली म्हणून त्याचा अटकेचा अधिकार संपू नये, हा तिचा सरळ हेतू दिसतो. अधिकार अखंड राहावा म्हणून केलेली ही कल्पना व्यवहारात माणसाने अखंड राबावे याची सबब बनली. वेळापत्रकाविषयी कलमात अवाक्षर नसताना वेळापत्रकाच्या प्रत्येक तक्रारीला तेच कलम उत्तर म्हणून पुढे केले जाते. कायद्याच्या वाचनातील ही चूक लहान वाटते, पण राज्यातील पोलीस वसाहतींतील प्रत्येक घराचे दिवसमान तिने ठरविले आहे.

कल्पनेचे मूळ

ही तरतूद १९५१ साली नव्याने सुचलेली नव्हती. १८६१ च्या पोलीस अधिनियमाच्या कलम २२ मध्ये हाच आशय आहे. १८५७ च्या उठावानंतर अवघ्या चार वर्षांनी केलेल्या त्या कायद्याला हुकूम मिळताच कोठेही हलविता येईल असे स्वस्त दल हवे होते. मुंबई इलाख्यात १८९० चा जिल्हा पोलीस अधिनियम आणि १९०२ चा मुंबई शहर पोलीस अधिनियम लागू होते. १९५१ मध्ये या दोहोंचे एकत्रीकरण झाले. राज्यघटना लागू होऊन एक वर्ष उलटले होते, तरीही शिपायाकडे पाहण्याची वसाहतकालीन दृष्टी नव्या संहितेत जशीच्या तशी उतरली.

याच काळातील दुसरा एक कायदा शेजारी ठेवला, तर हा फरक डोळ्यांत भरतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने प्रौढ कामगारासाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, साप्ताहिक सुट्टी बंधनकारक केली आणि जादा कामासाठी दुप्पट दर ठरवून दिला. गिरणीच्या फाटकाआतील माणसाचे तास कायद्याने मोजले, फाटकाबाहेर बंदोबस्ताला उभ्या असलेल्या माणसाचे मोजले नाहीत. दोघेही बहुधा एकाच जिल्ह्यातून, पुष्कळदा एकाच गावातून आलेले असत.

आयोग, उठाव आणि मौन

नोव्हेंबर १९७७ मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने फेब्रुवारी १९७९ मधील आपला पहिलाच अहवाल मुख्यतः शिपायांच्या प्रश्नांना वाहिला होता. कनिष्ठ पोलिसांना दिवसाला १० ते १६ तास आणि आठवड्याचे सातही दिवस राबावे लागते, या निष्कर्षाची त्यात नोंद आहे. शिपायाला अकुशल कामगाराच्या पंक्तीत बसवून त्याचे वेतन ठरविण्याच्या प्रथेवरही आयोगाने बोट ठेवले. अहवाल आला आणि कपाटात गेला. १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईच्या पोलिसांचा असंतोष रस्त्यावर आला. गिरणी संप सुरू होता आणि बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते. पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेऊन तिच्या नेत्यांना अटक झाली. त्या दिवसांतील हिंसाचाराचे समर्थन करता येणार नाही. तथापि, ज्या संहितेत तक्रारीला जागा नाही, तिच्या छायेत तक्रार दुसऱ्या कोणत्या रूपाने प्रकट झाली असती, हा प्रश्न उरतोच.

येथे घटनात्मक गुंतागुंतही आहे. ‘पोलीस’ हा सातव्या अनुसूचीनुसार राज्यसूचीतील विषय आहे. मात्र अनुच्छेद ३३ अन्वये पोलिसांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला आहे, आणि १९६६ च्या केंद्रीय कायद्याने पोलिसांचे संघटना-स्वातंत्र्य पूर्वमंजुरीच्या अधीन केले. हक्काचा संकोच केंद्राने केला आणि वेतन राज्याच्या आदेशावर राहिले. सामूहिकरीत्या मागता येत नाही आणि वैयक्तिकरीत्या मागावे तर कायद्यात आधार नाही, अशा कोंडीत शिपाई सापडतो. संघटनेला सरसकट मनाई असावी असा या कायद्याचा आग्रह नाही. केरळमध्ये पोलिसांच्या मान्यताप्राप्त संघटना आहेत आणि तेथील पोलीस दल त्यामुळे कोलमडलेले नाही.

कायद्यात आले म्हणजे काय होते

‘आदेशाने काम भागते, कायदा कशाला?’ या आक्षेपाचे उत्तर याच अधिनियमात मिळते. प्रकाश सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी दिलेल्या निदेशांनंतर महाराष्ट्राने २०१४ मध्ये अधिनियमात दुरुस्ती केली. राज्य सुरक्षा आयोग, आस्थापना मंडळे आणि तक्रार प्राधिकरण आले. कलम २२ एन अन्वये पदावधी निश्चित झाला आणि शिपाई वर्गासाठी एका ठिकाणी पाच वर्षांचा सामान्य कालावधी ठरला. पदावधी संहितेत येताच त्याचे स्वरूप बदलले. मुदतपूर्व बदली झालेले पोलीस महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाऊ लागले, शासनाला कारणे द्यावी लागली आणि अनेक बदल्या रद्द झाल्या.

कामाच्या तासांचे काय झाले? देवनार पोलीस ठाण्यात २०१६ मध्ये आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला. तो त्याच ठाण्यातील एका शिपायाने मांडलेल्या योजनेवर आधारलेला होता, हे आवर्जून सांगितले पाहिजे. आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्या कारकिर्दीत २०१७ च्या आरंभी तो मुंबईतील अन्य पोलीस ठाण्यांपर्यंत नेण्यात आला. पुढे जानेवारी २०२२ मध्ये महिला पोलिसांसाठी आठ तासांच्या पाळीचा निराळा आदेश महासंचालक पातळीवरून काढावा लागला. जी गोष्ट पाच वर्षांच्या अंतराने पुन्हा आदेशित करावी लागते, ती रुजलेली नसते. अधिकारी बदलला की आदेश दुबळा होतो, आणि तो पाळला गेला नाही म्हणून शिपायाला कोणत्याही न्यायाधिकरणाचा दरवाजा ठोठावता येत नाही. बदलीविरुद्ध न्याय मागता येतो, सलग सोळा तासांच्या बंदोबस्ताविरुद्ध नाही. २०१४ च्या दुरुस्तीची खरी मर्यादा ही आहे. तिने पोलिसाला राजकीय हस्तक्षेपापासून वाचविण्याचा विचार केला, थकव्यापासून वाचविण्याचा केला नाही. हा दोष केवळ विधिमंडळाचा नव्हे. प्रकाश सिंह निकालात राज्यांना उद्देशून जे सहा निदेश आहेत, त्यांतही कामाच्या तासांना स्थान नव्हते.

निवासाचा प्रश्न आणखी बोलका आहे. कलम ३१ मध्ये शासकीय निवासस्थानाचा विषय येतो तो मुख्यतः घर सोडण्याच्या बंधनाच्या अंगाने. सेवा संपताच, किंवा शासनाला आवश्यक वाटेल तेव्हा, जागा रिकामी करावी लागते. घर मिळण्याचा हक्क कोठेही नाही. मुंबईतील बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात तेथील निवृत्त पोलिसांना द्यावयाच्या घरांची किंमत २०२२ या एकाच वर्षात प्रथम ५० लाख, मग २५ लाख आणि शेवटी १५ लाख रुपये अशी खाली आली. अंतिम निर्णय पोलिसांच्या हिताचा झाला याबद्दल दुमत नसावे. परंतु ज्या लाभाचे मूल्य काही महिन्यांत तिसऱ्या हिश्श्याहूनही खाली येऊ शकते, ते तितक्याच सहजतेने वरही जाऊ शकते. अशा लाभाला सवलत म्हणता येईल, सेवाशर्त म्हणता येणार नाही.

वेतनाच्या बाबतीत गुजरातचे उदाहरण येथे अप्रस्तुत ठरू नये, कारण द्वैभाषिक राज्याच्या विभाजनानंतर तेथेही १९५१ चाच अधिनियम पुढे चालू राहिला. ऑक्टोबर २०२१ मध्ये ग्रेड पेच्या मागणीसाठी तेथे पोलिसांचे कुटुंबीय रस्त्यावर उतरले. ऑगस्ट २०२२ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या काही महिने आधी, शासनाने ५५० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. स्वतः बोलण्याची मुभा नसलेल्या कर्मचाऱ्याचे गाऱ्हाणे त्याच्या पत्नीला व आईला मांडावे लागले, आणि निर्णयाला निवडणुकीचा मुहूर्त लाभला. एका संहितेतून दोन राज्यांत सारखेच फळ निघाले.

आक्षेपांचा विचार

वेतनाचे आकडे अधिनियमात लिहिता येत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. महाराष्ट्रात सातव्या वेतन आयोगानुसार शिपायाचे मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होते. असा आकडा नियमांतच शोभतो, कारण तो दर काही वर्षांनी बदलतो. तास, सुट्टी आणि जादा कामाचा मोबदला यांचे तत्त्व मात्र आकड्यांसारखे बदलत नाही. दुसरा आक्षेप गणेशोत्सव, आषाढी वारी, निवडणुका आणि दंगली यांचा आहे. अशा प्रसंगी घड्याळ पाहून काम होत नाही, हे खरेच. पण वारी दरवर्षी ठरलेल्या तिथीला निघते, गणपतीही पंचांगाप्रमाणे येतात. ज्याचे वर्षभर आधी नियोजन करता येते, त्याला आणीबाणी म्हणणे हा प्रशासनाच्या सोयीचा शब्दप्रयोग आहे. खरी अडचण मनुष्यबळाची आहे, आणि ती मान्य करण्यात संकोच नसावा. आठ तासांची पाळी लावायची तर पदे वाढवावी लागतील, आणि पदे वाढविणे म्हणजे अर्थसंकल्पात पैसा दाखविणे. आजच्या मांडणीत ही तूट शिपाई आपल्या झोपेतून भरून काढतो. त्यामुळे ती अर्थसंकल्पात दिसतच नाही.

नमुना कायद्याची दुबळी जागा

सोली सोराबजी समितीने २००६ मध्ये तयार केलेल्या नमुना पोलीस अधिनियमाने ही पोकळी ओळखली होती. कामाचे सरासरी तास सामान्यतः आठपेक्षा अधिक नसावेत, अपवादात्मक स्थितीत ते वाढल्यास पुरेसा मोबदला व सुविधा द्याव्यात, आठवड्यातून एक सुट्टी किंवा तिच्या बदल्यात भरपाई द्यावी, असा तिचा आशय आहे. दिशा योग्य असली तरी शब्द निसरडे आहेत. ‘सरासरी’ म्हटले की सोळा तासांचा एक दिवस कागदावर विरघळून जातो. ‘सामान्यतः’ म्हटले की अपवादाला फाटक उघडे राहते. सरासरी कोणत्या कालावधीची आणि ती कोणी काढायची, हे ठरविल्याशिवाय ही तरतूद संहितेत आली तरी कलम ५ (ब) प्रमाणेच ती पोकळ राहील. महाराष्ट्राने अशी दुरुस्ती कधी केलीच, तर मोजणीचा कालावधी एका महिन्याहून मोठा नसावा, आणि कलम २८ मधील गृहीतक अधिकारांपुरतेच आहे, कामाच्या तासांना ते लागू नाही, असे स्पष्टीकरण त्या कलमाखालीच द्यावे लागेल.

मोजणीसाठी नवी यंत्रणा उभारावी लागेल, ही सबबही टिकणारी नाही. प्रत्येक पोलीस ठाण्यात ठाणे दैनंदिनी असते. कोणता अंमलदार किती वाजता कोठे रवाना झाला आणि किती वाजता परतला, याच्या नोंदी तीत होतात. आरोपपत्राच्या कामी न्यायालये त्या नोंदी तपासतात, विभागीय चौकशीत शिपायाच्या गैरहजेरीचा पुरावा म्हणूनही त्या वाचल्या जातात. त्याने किती तास काम केले, हे मोजण्यासाठी मात्र ती दैनंदिनी अजून कोणी उघडलेली नाही.