भूत, मीटर आणि रामशास्त्री

भुतांवर माझा विश्वास नाही. पण पंधरा वर्षांच्या मुलीचे हट्ट पुरवावे लागतात यावर आहे! म्हणूनच गेल्या हिवाळ्यात मी तिच्याबरोबर इथल्या एका जुन्या वाड्यात हौशी भूतसंशोधकांच्या 'तपास-रात्री'ला गेलो. तिकीट काढून.

रात्री अकराला दिवे मालवले. आमच्या हातात विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारं छोटं यंत्र दिलं गेलं. आपण प्रश्न विचारायचा, यंत्रावरचा दिवा लुकलुकला की भुताचं उत्तर 'हो'. खरं तर हे यंत्र भिंतीतल्या वायरी आणि विजेची उपकरणं तपासण्याच्या कामाचं. मी गुपचूप खिशातला मोबाईल त्याच्याजवळ नेला. भूत लगेच 'हो' म्हणालं! आयोजकांना माझा हा प्रयोग आवडला नाही.

आमच्या आयटीच्या धंद्यात टेस्टिंगचा साधा नियम आहे: प्रोग्रॅम कधी चुकेल हे आधी ठरवा, मगच तो चालतो म्हणा. इथे दिवा लागला तर भूत आहे, नाही लागला तर ते आज रुसलं आहे. असा तपास नापास होऊच शकत नाही, म्हणून तो पासही होत नाही.

तरी एक श्रेय द्यायलाच हवं. एरवी म्युझियममध्ये जांभया देणारी मुलं त्या रात्री तीन तास कान टवकारून बसली होती. माझी खरी तक्रार वेगळीच आहे. हा वाडा कोणी बांधला, इथे कोण राबलं, कोण कसं मेलं, हे त्या तीन तासांत कोणीच विचारलं नाही.

परतताना गाडीत लेक म्हणाली, "बाबा, आपल्या शनिवारवाड्यातही भूत आहे ना? 'काका, मला वाचवा' म्हणणारं?"

लहानपणी पुण्यात मीही हे ऐकून घाबरलो होतो. मग तिला बाकीचं सांगितलं. 30 ऑगस्ट 1773 रोजी गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना वाड्यातच मारलं. ते जेमतेम अठरा वर्षांचे होते. काका रघुनाथराव पेशवे झाले. पण न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, सत्तेवर बसलेल्या माणसालाच दोषी ठरवलं आणि पद सोडून ते निघून गेले.

"म्हणजे खरे इन्व्हेस्टिगेटर तेच!" लेक म्हणाली.

अगदी बरोबर. भुताच्या गोष्टीत किंकाळी उरते आणि निकाल गळून पडतो. अमावास्येला रेकॉर्डर लावून बसणाऱ्यांना नारायणरावांचा आवाज हवा असतो. त्यांना न्याय मिळाला का, हा प्रश्न नको असतो.

मोजमापाला माझा विरोध नाही. आपल्या आउडवाटर गावातला चेटकिणींचा तराजू पाहा. चेटकीण वजनाला अगदी हलकी असते, असा त्या काळी समज होता. इथे प्रामाणिकपणे वजन करून 'हे माणूस चारचौघांसारखंच आहे' असा दाखला मिळे. ते मोजमाप जिवंत माणसाला वाचवण्यासाठी होतं.

पुढच्या सुट्टीत आम्ही शनिवारवाड्यात जाणार आहोत. भर दुपारी, मीटर न घेता. लेकीने प्रश्नांची यादी आत्ताच सुरू केली आहे. पहिला प्रश्न: "रामशास्त्र्यांना भीती नाही वाटली?"