मोठ्या उत्साहात संपन्न

साहित्याचे समीक्षक कथा, कविता, कादंबरी यांची समीक्षा करतात. त्यातून वेळ उरला तर एकमेकांची करतात. पण सातारा-सांगलीकडं जो मजकूर रोज सकाळी सलूनपासून सोसायटीच्या कट्ट्यापर्यंत मोठ्यानं वाचला जातो, त्याच्याकडं या मंडळींनी ढुंकूनही पाहिलेलं नाही. तो मजकूर म्हणजे वर्तमानपत्रातलं तालुक्याचं पान.

आम्ही पडलो बँकेतले कारकून, त्यातून कॉमर्सचे पदवीधर. रस, ध्वनी, वक्रोक्ती यांच्याकडं आमचं खातं नाही. आम्हाला दोनच बाजू कळतात, जमा आणि नावे. तेव्हा त्याच दोन बाजूंनी हे पान तपासायला घेतलं.

जमेच्या बाजूला काही तोटा नाही. खेड्यात कार्यक्रम नुसता ‘होत’ नाही, तो ‘संपन्न’ होतो आणि तोही मोठ्या उत्साहात. कमी उत्साहात संपन्न झालेला कार्यक्रम आमच्या वाचनात अजून आलेला नाही. बातमी एका वाक्याची, नावं बावीस. रांगेच्या शेवटी ‘आदी मान्यवर उपस्थित होते’ असं येतं. या ‘आदी’त ज्याची गणना झाली, तो पुढच्या निवडणुकीत पॅनल बदलतो, एवढी त्या दोन अक्षरांत ताकद आहे.

एका गावच्या रस्त्याचं भूमिपूजन आम्ही या पानावर तीन वेळा वाचलं. दर वेळी नारळ वेगळा, कुदळ धरणारे हात वेगळे. रस्ता मात्र कधी छापून आला नाही, कारण तो झालाच नाही. आणि जे झालंच नाही ते संपन्न तरी कसं होणार? थोडक्यात, या पानावर नावं भरपूर, पण ‘नावे’ बाजू कोरी. असला ताळेबंद आम्ही करून ठेवला, तर तपासणीला आलेले साहेब चहासुद्धा न घेता कामाला लागतील.

यात वार्ताहराला बोल लावण्यात अर्थ नाही. खेड्यापाड्यांतून बहुतेक ठिकाणी पेपरचा एजंट, जाहिरात गोळा करणारा आणि बातमीदार हा एकच इसम असतो. सकाळी अंक टाकायचे, दुपारी वाढदिवसाच्या पुरवणीसाठी जाहिरात मागायची आणि रात्री त्याच जाहिरातदाराची बातमी लिहायची. मोठा ठेवीदार आला की मॅनेजरसुद्धा उठून खुर्ची देतो. तर कमिशनवर जगणाऱ्या माणसानं सरपंचाला पाण्याचा हिशेब विचारावा, ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

आता हीच सामग्री व्यंकटेश माडगूळकरांच्या हाती गेल्यावर काय होतं ते पाहा. माडगूळकर आजच्या सांगली जिल्ह्यातल्या, आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे. त्यांची ‘बनगरवाडी’ 1955 सालची. धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो, लोक राबून तालीम बांधतात, औंधचे राजेसाहेब येतात. आपल्या पानाची बातमी इथं आटोपली असती. मथळा ‘बनगरवाडीत तालमीचे उद्घाटन मोठ्या उत्साहात संपन्न’, फोटोत राजेसाहेब आणि मास्तर ‘आदी’त. माडगूळकर मात्र पाहुणे गेल्यावरही वाडीतच थांबतात. पुढं पाऊस दगा देतो, दुष्काळ पडतो, माणसं वाडी सोडून जातात. तेही ते लिहितात. पाहुण्यांच्या गाडीतून कोण परत गेलं आणि मागं कोण राहिलं, सगळा फरक तिथं पडतो.

या पानावर एक प्रकार मात्र निर्दोष आहे, तो म्हणजे निधनवार्ता. मयताचं नाव, वय, ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे. रक्षाविसर्जन उद्या सकाळी 9 वाजता.’ विशेषण फार तर एखादं, माहिती सगळी आणि वाचणाऱ्यानं काय करायचं तेही स्पष्ट. लोक वाचतात आणि दुसऱ्या दिवशी खरोखर जातात. वाचून माणूस घराबाहेर पडला, याहून मोठं यश कोणत्या लेखकाला मिळतं? पण खेड्यातल्या माणसाची धड बातमी व्हायला त्यानं मरावंच लागावं, हे काही खरं नव्हे.

दवंडीचंही असंच होतं. दवंडीवाला पुढच्या आळीला जायच्या आत दारातली म्हातारी त्याला अडवायची, “आरं, रेशन येनार म्हंजी कवा? साखर हाय का न्हाई?” बातमीला उलटा प्रश्न विचारता यायचा. फ्लेक्सला कोण विचारणार? चौकातला वीस फुटी फ्लेक्स युवा नेत्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा देत उभा असतो. आणि कायद्यानं वर्षातून किमान चार वेळा घ्यायच्या ग्रामसभेची नोटीस पंचायतीच्या बोर्डावर, मागच्या नोटिशीखाली, एका टाचणीवर लोंबत असते. नळाला पाणी का नाही, हे जिथं विचारायचं ती सभा कोरमअभावी तहकूब होते. केक कापायला मात्र कोरम पाच मिनिटांत भरतो.

पण आमच्याकडं सगळंच बुडीत खाती नाही. माण तालुक्यात म्हसवडला 2008 साली ‘माणदेशी तरंग’ हे रेडिओ केंद्र सुरू झालं, दुष्काळी मुलखातल्या माणसांचं, त्यांच्याच बोलीतलं. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं 2022 साली निराळीच शक्कल काढली. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद. पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं. या बातमीला मान्यवरांच्या रांगेची गरज पडली नाही, तरी ती साता समुद्रापार गेली. समीक्षक या नात्यानं आम्ही या भोंग्याला उत्कृष्ट अग्रलेख मानतो. विशेषण एकही नाही आणि मजकूर घरोघर पोचलेला.

तेव्हा संपादकसाहेबांना एवढीच विनंती. पानाच्या कोपऱ्यात चार ओळींची चौकट द्या, नाव ‘न झालेली कामे’. कुठला नळ किती दिवस कोरडा, कुठली ग्रामसभा कितव्यांदा तहकूब, कुठला रस्ता तिसऱ्या नारळानंतरही गायब. खाली कोणाचं नावगाव नको, शेरा नको. नुसते आकडे छापा. वाचून लोक काय ते विचारतील. आणि त्या चौकटीचं उद्घाटन करायचंच असेल, तर ते मोठ्या उत्साहात संपन्न झाल्याचं छापायला आमची हरकत नाही. आम्हाला ‘आदी’त घातलं तरी चालेल.