निर्दोष सुटलेला कर्ण

'श्रीमान योगी' हातात घेतली की शिवाजीराजांच्या आधी कुरुंदकर गुरुजी भेटतात. रणजित देसाईंच्या १९६८ सालच्या या कादंबरीला नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी पत्ररूपात लांबलचक प्रस्तावना लिहिली आणि दाद देता देता इतिहासाचे अवघड प्रश्नही मांडून ठेवले. लाडक्या कथेला पुन्हा हात घालणाऱ्याला काय विचारावं, हे नांदेड-लातूरच्या वाचकाला त्या पत्राने शिकवलं. जुन्या कथेने न विचारलेलं असं तुम्ही काय विचारलंत? मराठीतल्या बहुतेक पुनर्कथनांची इथेच अडचण होते.

द्यूतसभेचा प्रसंग घ्या. महाभारतातला कर्ण भर सभेत द्रौपदीला वेश्या म्हणतो, तिची वस्त्रं उतरवायला सांगतो. १९६७ साली मराठीत या कर्णाची दोन रूपं आली. 'युगान्त'मध्ये इरावती कर्वे त्याला पाठीशी घालत नाहीत. स्वतःची ओळख शोधता शोधता हा माणूस कुठे कुठे घसरला, ते त्या दाखवतात. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये त्याच वागण्याला दुखावलेल्या मनाचा आधार मिळतो. कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण, कृष्ण असे सहा निवेदक आहेत, पण साक्ष सगळ्यांची एकाच बाजूने. भावाच्या रथामागे धावणारा लहानगा शोण वाचताना आजही गलबलून येतं, ही सावंतांची ताकद मी मनापासून मानतो. पण द्रौपदीला त्या सहा जणांत जागा नाही. तिने साक्ष दिली असती तर खटला इतका सरळ सुटला असता का?

वाचकांनी मात्र पारायणं केली 'मृत्युंजय'ची. पुढे १९७३ मध्ये देसाईंचा 'राधेय'ही कर्णाच्या दुःखाकडेच वळला. मग साचाच पडला: उपेक्षित पात्र शोधायचं, त्याच्या तोंडी कैफियत द्यायची, त्याला निर्दोष ठरवायचं.

याच महाभारतातून वेगळं काय निघू शकतं, ते शेजारच्या कन्नडने दाखवलं. खांडेकरांच्या 'ययाति'त (१९५९) बापाला तारुण्य देणारा पुरू त्यागाचा पुतळा होतो. दोन वर्षांनी आलेल्या गिरीश कर्नाडांच्या नाटकात या पुरूला एक नवी नवरी आहे, चित्रलेखा. नवरा क्षणात म्हातारा झाला, त्याचं तारुण्य आता सासऱ्याच्या अंगात आहे. मग मी कुणाची, असा तिचा रोखठोक सवाल आहे. ययातीकडे त्याला उत्तर नाही, आणि ती जीव देते. एका नव्या पात्राने त्यागाच्या कथेचा सगळा तोल बदलतो. भैरप्पांचं 'पर्व'ही उमा कुलकर्णींच्या अनुवादातून मराठी घरांत पोचलं. चमत्कार वजा केले तरी महाभारत तितकंच भयंकर उरतं, हे त्यात दिसतं.

पुराणकथांना आपण पुन्हा पुन्हा हात घालतो, पण आपल्याच कादंबरीचा पुढचा भाग लिहायचा म्हणाल तर हात आखडताच. नेमाड्यांच्या 'कोसला'चा (१९६३) पांडुरंग सांगवीकर गावी परततो, तर 'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल'मधला चांगदेव पाटील नोकरीपायी कॉलेजं बदलत फिरतो. कित्येक वाचक चांगदेवला पांडुरंगचंच पुढचं वय समजतात. त्यांनी नाव बदललं ते बरंच केलं; पांडुरंगची पुण्याई चांगदेवच्या कामी आली नाही, त्याला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागलं.

पण महाभारतावर एवढी शाई खर्चणाऱ्या आपण आपल्याच कादंबऱ्यांना कधी उलटून प्रश्न केलेत? लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे रा. रं. बोराडे. त्यांच्या 'पाचोळा'त (१९७१) शिंप्याच्या घराची वाताहत पारबती आपल्या बोलीत सांगते. नवऱ्याचा ताठा आणि बापाशी न पटणारा मुलगा, दोघंही आपल्याला तिच्याच डोळ्यांनी दिसतात. मुलाची बाजू त्याच्या तोंडून आपण ऐकलेलीच नाही. त्याच्या नातवंडांच्या वयाची पोरं आज लातूरच्या शिकवणी वर्गांत नीटची तयारी करतायत, आईबाप गावी. त्यांच्यातल्या कुणीतरी तो मुलगा लिहावा. त्याला निर्दोष सोडवू नये आणि पारबतीचा एक शब्दही खोडू नये. तिच्यासमोर बसवून त्याला बोलता करावं.