‘अस्तु’ : शुश्रूषा करणाऱ्याचा प्रश्न

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (२०१३) हा चित्रपट स्मृतिभ्रंश झालेल्या चक्रपाणी शास्त्री या संस्कृत पंडिताचा मानला जातो. वस्तुतः तो त्यांची कन्या इरा हिचाही आहे. तिने मोटारीत थांबवून ठेवलेले वडील हत्तीमागे निघून जातात आणि त्यांच्या शोधाबरोबर तिचा अपराधभाव, चीड व थकवा उघड होत जातो. हा थकवा म्हणजे प्रेमाचा अभाव नव्हे, हे दाखविणे ही या कलाकृतीची मोठी कामगिरी होय.

माहुताची पत्नी चन्नम्मा शास्त्रींना लेकराप्रमाणे सांभाळते. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना लाभलेला राष्ट्रीय पुरस्कार यथार्थच आहे. तथापि चन्नम्माची माया अल्पकाळाची, तर इराची जबाबदारी दीर्घकाळाची आहे. हा भेद मागे पडल्याने स्वीकार हेच उत्तर ठरते आणि सारा भार पुन्हा स्त्रीच्या ममतेवर येतो.

कायद्याची दृष्टीही फारशी निराळी नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ हा वृद्धाचा त्याग करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास अथवा दंड सांगतो. सांभाळणाऱ्यास मात्र रजा वा विसावा देत नाही. कांदिवलीहून रोज लोकलने कामावर जाणाऱ्या एखाद्या इरेला केवळ स्वीकाराची शिकवण पुरणार नाही. तिला वडिलांसाठी दिवसभराचे शुश्रूषा केंद्र आणि स्वतःसाठी हक्काची रजा हवी. चित्रपटाने तिची व्यथा नेमकी मांडली आहे. उत्तर समाजाने द्यावयाचे आहे.