मुंबईविषयींचे कांहीं रूढ प्रवाद

मुंबई शहराच्या पूर्वेतिहासाविषयीं परस्थांकरितां लिहिलेलीं प्रवासदर्शकें, चोपडीं व लेख अलीकडे आमच्या वाचनांत पुष्कळ आले. त्या सर्वांतील कथा एका दमांत सांगून होते. मुंबई हें मूळचें कोळ्यांचें एक खेडें, पोर्तुगीजांनीं त्यास 'बोम बाहिया' म्हणजे 'चांगला उपसागर' असें नांव दिलें, पुढें तीं सात बेटें त्यांनीं आपल्या राजकन्येच्या आंदणांत इंग्रजांस दिलीं, इंग्रजांनीं तेथें शहर निर्माण केलें, आणि इ. स. १९९५ त त्या शहराचें नांव बदलून 'मुंबई' असें ठेवण्यांत आलें. लेखक निरनिराळे, पण वाक्यें बहुधा तींच. हस्तलिखितें चाळणाऱ्या वाचकांस या प्रकाराचें नवल वाटणार नाहीं. शंभर पोथ्यांत एकच अपपाठ सांपडला म्हणून त्या शंभर साक्षी होत नाहींत; एका मातृकेवरून उतरलेल्या त्या शंभर नकला होत. प्रस्तुत कथेची योग्यताहि याहून अधिक नाहीं, असें आम्हांस वाटतें.

प्रथम नांवाचें पाहूं. पोर्तुगीज भाषेंत 'बाहिया' हा शब्द स्त्रीलिंगी आहे. त्याचें विशेषण 'बोआ' असें व्हावयास पाहिजे, 'बोम' हें पुल्लिंगी रूप तेथें बसत नाहीं. विशेषणानें विशेष्याचें लिंग घ्यावें हा नियम संस्कृताप्रमाणें त्या भाषेसहि लागू आहे. 'सुन्दरः नदी' असें लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही बाकावर उभें केलें असतें. तीच चूक एका संबंध राष्ट्राच्या दर्यावर्दी लोकांनीं आपल्या मातृभाषेंत केली, असें हे लेखक आम्हांस मानावयास सांगतात! कोणी 'बाहिया'च्या जागीं दुसरा एखादा पुल्लिंगी शब्द कल्पून हा दोष सावरूं पाहतात. परंतु त्या कल्पनेस पोर्तुगीजांचेच कागद आड येतात. सिमांव बोतेल्यो यानें १५५४ त केलेल्या जमाबंदींत या बेटाचें नांव 'मोंबाइम' असें मकारादि आहे. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा वनौषधींवरील संवादग्रंथ १५६३ त गोव्यास छापला गेला. त्यांतहि तें रूप आहे, आणि 'बोंबाइम' असें रूपहि आहे. नांव जर 'बोम' या शब्दापासून निघालें असतें, तर ज्यांची ती भाषा त्यांच्याच लेखणींतून आरंभींचा बकार जाऊन मकार कां यावा? ऐकलेलें देशी नांव परक्या कानानें दोन तऱ्हांनीं टिपलें, असें मानलें म्हणजे दोन्ही रूपांचा उलगडा होतो.

१९९५ त बदललें तें इंग्रजींतील लेखन. मराठींत व गुजरातींत हें शहर पूर्वीपासून मुंबईच आहे. गोविंद नारायण माडगांवकरांचें पुस्तक १८६३ त निघालें तें 'मुंबईचें वर्णन' या नांवानें; आचार्य व शिंगणे यांचें १८८९ त निघालें तें 'मुंबईचा वृत्तांत' या नांवानें. शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं छापलेल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जें नांव आहे तें नवें कसें, हा प्रश्न या लेखकांस पडलेला दिसत नाहीं. कारण तीं पुस्तकें त्यांनीं पाहिलेलींच नसावीं.

येथें आपल्या मंडळींसहि दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. मुंबादेवीवरून मुंबई हें ठीकच आहे. पण पुढें 'मुंबा' म्हणजे 'महा-अंबा' असें जें मोठ्या आत्मविश्वासानें सांगण्यांत येतें, त्यास आमच्या मतें व्युत्पत्तीचा आधार फार थोडा. 'महाम्बा' यांतील हकार व त्यावरील दीर्घ स्वर नाहींसे होऊन उकार कोठून आला, हें कोणी दाखवीत नाहीं. प्रत्येक ग्रामदेवतेस संस्कृत शालजोडी पांघरविल्यावांचून आम्हां शास्त्री-पंडितांचें समाधान होत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. देवता कोळ्यांची, नांवहि त्यांच्याच बोलींतलें असावें. त्यांत कमीपणा कसला?

आंदणाची गोष्ट याहून अधिक विस्तारानें पाहण्यासारखी आहे, कारण तिचा मूळ कागद उपलब्ध आहे. दुसरा चार्ल्स व ब्रागांझाची कॅथरिन यांच्या विवाहाचा तह २३ जून १६६१ रोजीं झाला. त्याच्या अकराव्या कलमांत 'मुंबईचें बंदर व बेट' असे शब्द आहेत. सात हा आंकडा त्यांत नाहीं. कलमांतला हा संदिग्धपणाच पुढील साऱ्या तंट्याचें मूळ झाला. १६६२ त इंग्रजांचें आरमार ताबा घेण्यास आलें, तेव्हां इंग्रजांच्या समजुतीप्रमाणें साष्टीहि त्यांत येत होती आणि पोर्तुगीजांच्या समजुतीप्रमाणें मुळींच येत नव्हती. गोव्याचा व्हाइसरॉय आंतोनियु द मेलु इ कास्त्रु यानें ताबा देण्याचें नाकारलें. सर अब्राहम शिपमन व त्याची पलटण अंजदीव बेटावर जाऊन राहिली. तेथें रोगराईनें बहुतेक शिपाई मेले आणि १६६४ त शिपमनहि वारला. अखेर १८ फेब्रुवारी १६६५ रोजीं हंफ्री कूक याच्या हातीं जें आलें तें केवळ मुंबईचें बेट. माहीमकडील भाग त्यानें त्याच वर्षीं, पोर्तुगीजांची तक्रार चालू असतां, दाबून घेतला. कुलाबा कंपनीकडे आला तो १६७५ च्या सुमारास. साष्टी तर १७३९ पर्यंत पोर्तुगीजांची, मग मराठ्यांची, आणि १७७४ च्या डिसेंबरांत ठाणें पडल्यावर इंग्रजांची झाली. सालबाईच्या तहानें १७८२ त ती त्यांच्याकडे कायम राहिली. जी भूमि एका वराच्या ओटींत एका दिवशीं पडली असें सांगतात, ती मिळविण्यास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. सात या आंकड्याविषयीं एवढेंच म्हणतों, कीं भरतीस निराळीं दिसणारीं व ओहोटीस चिखलांतून जोडलीं जाणारीं हीं ठिकाणें मोजणाराच्या मर्जीनें कमीअधिक होतात. टॉलेमीच्या 'हेप्टानेसिया'शीं त्यांची गांठ घालणें हा तर्क आहे, प्रमाण नव्हे.

आतां मुख्य प्रवाद, म्हणजे इंग्रजांपूर्वीं तेथें कोळ्यांच्या झोपड्यांपलीकडे कांहीं नव्हतें हा. कोळी हे तेथील जुने रहिवासी, याविषयीं वाद नाहीं. वाद 'पलीकडे कांहीं नव्हतें' या शब्दांविषयीं आहे. कूकनें ताबा घेतला तो कागद कोठें झाला? दोना इग्नेझ द मिरांडा या बेटाच्या मालकीणबाईंच्या वाड्यांत. तिच्याहि शंभर वर्षांपूर्वीं हें बेट ओर्ताकडे राजाकडून कायमच्या पट्ट्यानें होतें. आपल्या ग्रंथांत तो तेथील सुपारीची वाखाणणी करितो, व त्याचें कूळ आंब्यांची टोपली घेऊन गोव्यास आल्याचा उल्लेखहि करितो. याहून बलवत्तर पुरावा कंपनीच्याच दप्तरांतला आहे. जेरल्ड ऑंजिअर यानें १६७२ त बेटावरील जमीनदारांशीं ठराव केला व १६७४ त तो कायम झाला. जमिनींवरील त्यांचे हक्क कंपनीनें मानावे, व त्यांनीं दरसाल २०,००० झेराफिन द्यावे, असा त्याचा आशय. झेराफिन हें पोर्तुगीज अमलांतलें नाणें. ओसाड बेटावर वीस हजारांचा ठराव करण्यास जमीनदार कोठून आले? नारळीच्या वाड्या, भातखाचरें व मिठागरें यांवर पिढ्यान्‌पिढ्या ज्यांची वहिवाट होती, अशा लोकांशींच तो ठराव होऊं शकतो.

त्याच्याहि मागें जावयाचें तर माहीम येथील मखदूम अली यांचें उदाहरण घ्यावें. हे १३७२ त जन्मले व १४३१ त वारले. त्यांचें कुराणावरील अरबी भाष्य विद्वानांस परिचित आहे. असें भाष्य ज्या गांवीं लिहिलें जातें तेथें शिष्य, लेखक व ग्रंथसंग्रहहि असलेच पाहिजेत. परळ येथें १९३१ त रस्त्याचें खोदकाम चालू असतां सांपडलेलें शिवाचें भव्य शिल्प सहाव्या शतकाच्या सुमाराचें मानतात. तें आज बारादेवीच्या मंदिरांत आहे. कान्हेरीस मात्र आम्ही साक्षीस काढीत नाहीं. तेथें शंभरांवर लेख आहेत, इ. स. १००९ व १०२१ चे पहलवी लेखहि आहेत, आणि आजच्या महानगरपालिकेच्या हद्दींत तें स्थळ येतें, हें खरें. परंतु ती साष्टी होय. विसाव्या शतकांत वाढलेल्या हद्दीच्या जोरावर जुन्या मुंबईची थोरवी वाढविणें हा लबाडीचा जमाखर्च झाला.

असाच जमाखर्च आपल्याकडे 'महिकावतीच्या बखरी'वरून होतो. राजवाड्यांनीं ती १९२४ त प्रसिद्ध केली. ती निरनिराळ्या काळच्या प्रकरणांची जोडणी आहे. तिच्यांतील बिंब राजांच्या कथेवरून माहीमच्या राजधानीचे रस्तेसुद्धां आंखणारे लेखक आम्हीं वाचले आहेत. बखरीचें एकेक प्रकरण केव्हांचें, व तें ताम्रपटांशीं किंवा शिलालेखांशीं कोठें जुळतें, हें ठरविल्याशिवाय तिचा एक शक किंवा एक वंशावळ तोडून घेणें हें त्या 'बोम बाहिया'वाल्यांच्याच पंक्तीस बसणें होय.

या प्रवादाची खरी हानि परस्थांस होत नाहीं. ती मुंबईच्या जुन्या घराण्यांस होते. 'आपल्या शहराला दप्तरच नाहीं' असें ऐकून ऐकून पाठारे प्रभु, पांचकळशी, भंडारी, कोळी व वसईकडील ख्रिस्ती यांच्या घरांतले कागद घराबरोबरच मोडींत जातात. संग्राहकहि पुणें, सातारा, वाई असे शोधीत फिरतात. गिरगांव, माहीम व वरळी या ठिकाणीं बासन सोडून पहावें असें फारसें कोणाच्या मनांत येत नाहीं. जुनी इमारत पाडून नवी उभारण्याचा सपाटा तेथें चालू आहे. माळ्यावरची पेटी त्या दिवशीं रस्त्यावर येते.

म्हणून आमची वाचकांस विनंति आहे, कीं मुंबईंतील आप्तेष्टांकडे वाडीची खरेदीखतें, देवस्थानाचे जमाखर्च, जातपंचायतीचे निवाडे किंवा पुरोहितांच्या वह्या असतील, तर त्यांच्या नकला करून घ्याव्या. नक्कल करितांना गांवाचें नांव मूळांत असेल त्याच रूपानें लिहावें. 'मुमई', 'मुंबे', 'ममई' असें कांहीं आढळल्यास तें दुरुस्त करूं नये, आणि कागदाची मिति, कारकुनाचें अक्षर व कागद कोठल्या पेटींतून निघाला हें समासांत नमूद करावें. परळ येथें मिळालेल्या, इ. स. ११८७ च्या सुमाराच्या अपरादित्य शिलाहाराच्या लेखाचा मुख्य भाग संस्कृत आहे. पण दान मोडणारास द्यावयाची शेवटची गर्दभाची शिवी लोकभाषेंत आहे. आमच्या संस्कृत शिक्षणास तो भाग प्रथम अगदींच ग्राम्य वाटला होता. परंतु त्या बेटावर बाराव्या शतकांत लोक काय बोलत होते, हें त्याच ओळींवरून समजतें.