घड्याळ, वेळ आणि अधिकार : महाराष्ट्राच्या संदर्भातील एक चिकित्सा

प्रस्तावना

घड्याळाच्या इतिहासावरील लेखन बहुधा एका ठरावीक सूत्राने मांडले जाते. सूर्यछाया, जलघटी, लंबकाचे घड्याळ, मनगटी घड्याळ, क्वार्ट्‌झ आणि अणुघड्याळ असा साधनांच्या विकासाचा क्रम दिला जातो. त्यापाठोपाठ, घड्याळ आले आणि समाजाला वेळेची शिस्त लागली, असा निष्कर्ष काढला जातो. ल्युइस मम्फर्ड यांनी १९३४ मध्ये औद्योगिक युगाचे मूळ यंत्र म्हणून वाफेच्या इंजिनाऐवजी घड्याळाला मान दिला. डेव्हिड लँडिस यांनी १९८३ मध्ये यांत्रिक घड्याळ हे युरोपच्या आर्थिक उत्कर्षाचे एक प्रमुख कारण मानले. या मांडणीचे महत्त्व नाकारता येणार नाही. परंतु तिच्या पोटात एक गृहीतक दडलेले आहे. ज्या समाजांनी यांत्रिक घड्याळ घडवले नाही, त्यांना वेळेचे भान नव्हते, असे ते गृहीतक होय. आपल्याकडे ‘इंडियन टाइम’ या थट्टेच्या शब्दप्रयोगातून तेच गृहीतक सुशिक्षितांच्या तोंडी रुळले आहे.

प्रस्तुत लेखात या गृहीतकाची महाराष्ट्राच्या संदर्भात चिकित्सा केली आहे. वेळ मोजण्याची कला येथे पूर्वीपासून होती. घड्याळाने बदलली ती वेळ ठरवण्याच्या अधिकाराची जागा. आणि महाराष्ट्रातील श्रमिकांचा संघर्ष घड्याळाशी नव्हता, तर त्या अधिकाराशी होता, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

घटिकेचा काळ आणि जोशाचा अधिकार

अहोरात्राच्या साठ घटिका, घटिकेची साठ पळे, दोन घटिकांचा मुहूर्त ही भारतीय कालगणनेची चौकट सर्वपरिचित आहे. आजच्या मापाने घटिका चोवीस मिनिटांची, पळ चोवीस सेकंदांचे आणि मुहूर्त अठ्ठेचाळीस मिनिटांचा होतो. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी घंगाळातील पाण्यावर तरंगत ठेवावी, ती भरून बुडाली की एक घटिका झाली, असे हे घटिकापात्राचे साधे तंत्र. ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला, आणि ‘घड्याळ’ हा शब्दही ‘घटी’शीच नाते सांगतो. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील घटिकांचे टोल देणाऱ्या सेवकांचे वर्णन केले आहे. टोल ऐकून कोणता प्रहर चालू आहे हे उमगत नाही, म्हणून प्रहराचीही खूण वाजवावी, अशी आज्ञा आपण दिल्याचे तो नोंदवतो. अशा समाजाला वेळेचे भान नव्हते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. शं. बा. दीक्षित यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासावरील १८९६ चा मराठी ग्रंथही या गणिती परंपरेची व्याप्ती दाखवतो.

तथापि या परंपरेचे गौरवीकरण करतानाही सावध राहिले पाहिजे. गावगाड्यात घटिका मोजण्याचा आणि मुहूर्त सांगण्याचा अधिकार ग्रामजोशाकडे होता, व तो वतनाशी व दक्षिणेशी जोडलेला होता. शेतकरी सूर्याकडे पाहून दिवस ओळखे. पण पेरणीचा, लग्नाचा मुहूर्त त्याला विचारावा लागे. म्हणजे घड्याळापूर्वीचा काळ हा सर्वांचा समान काळ नव्हता. म. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना केली. पुढे पुरोहिताविना विवाह लागू लागले, तेव्हा मुहूर्त सांगण्याच्या या अधिकारालाच आव्हान मिळाले. घड्याळाच्या इतिहासात सहसा या घटनेची नोंद होत नाही; वास्तविक ती व्हावयास हवी.

गिरणीची वेळ : लोखंडे यांच्या मागण्यांचे वाचन

ई. पी. टॉम्प्सन यांच्या १९६७ च्या प्रसिद्ध निबंधाने घड्याळाचा प्रश्न कामगार इतिहासाच्या केंद्रस्थानी आणला. कामाच्या स्वरूपावरून ठरणारा काळ आणि घड्याळाने मोजून विकला जाणारा काळ असा भेद त्यांनी केला. इंग्लंडमधील कामगारांच्या एका पिढीला मालकांनी वेळेचे महत्त्व शिकवले, दुसरीने कामाचे तास कमी करण्यासाठी समित्या स्थापल्या, तिसरीने जादा तासांच्या मोबदल्यासाठी लढा दिला, असा क्रम ते सांगतात.

मुंबईत हा क्रम असा सुटा सुटा दिसत नाही. सत्यशोधक चळवळीतून आलेले, ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन त्यांनी कारखाना आयोगाकडे सादर केले. कोकणातून आणि देशावरून आलेल्या, गिरणीशी ओळख होऊन फार काळ न लोटलेल्या माणसांच्या त्या सह्या होत्या. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा, जखमी कामगारास भरपाई मिळावी, अशा त्या मागण्या होत्या. आणखी एक मागणी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे : काम सकाळी साडेसहा वाजता सुरू व्हावे आणि सूर्यास्तास संपावे.

या एका वाक्यात दोन कालपद्धती शेजारी शेजारी उभ्या आहेत. दिवसाचा आरंभ घड्याळाने ठरतो. शेवट मात्र सूर्यावर सोपवलेला आहे. हे घड्याळाचे अज्ञान नव्हे. पहाटे किती लवकर बोलवावे हे मालकाच्या मर्जीवर राहू नये म्हणून आकडा हवा होता. आणि सूर्यास्त ही अशी सीमा होती, जी कोणत्याही मालकाला मागेपुढे करता येत नव्हती. मालकांच्या ताब्यातील घड्याळाविरुद्ध कामगारांनी ज्याच्यावर कुणाचाच ताबा नाही असा साक्षीदार उभा केला. ही भीती खरी होती, हे पुढे स्पष्ट झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि १९०५ च्या सुमारास काही ठिकाणी कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. सूर्यास्ताची सीमा यंत्राने पुसली. त्यानंतर प्रौढ पुरुष कामगारांच्या तासांवर मर्यादा येण्यास १९११ चा कायदा यावा लागला, आणि तीही बारा तासांची होती.

रविवारच्या सुट्टीची मागणी १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार. म्हणजे ख्रिस्ती आठवड्यातील विश्रांतीचा दिवस मराठी कामगाराने आपल्या दैवताच्या दिवसाच्या रूपाने मागून घेतला, असे म्हणता येईल. मुहूर्ताच्या अधिकाराला आव्हान देणारी आणि भोंग्याच्या अधिकाराला मर्यादा घालू पाहणारी चळवळ एकच होती, हा योगायोग नव्हे. दोन्हीकडे प्रश्न एकच होता : दुसऱ्याचा वेळ ठरवण्याचा हक्क कुणाला?

मुंबई वेळेचा वाद

हाच प्रश्न लवकरच शहराच्या पातळीवर उभा राहिला. प्रेमचंद रायचंद यांच्या दोन लक्ष रुपयांच्या देणगीतून १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर मुंबईची स्थानिक वेळ दाखवीत असे. ही वेळ ग्रिनिचच्या चार तास एकावन्न मिनिटे पुढे होती. रेल्वे मात्र मद्रास वेळेवर चाले. १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या सरकारने शहरावर मद्रास वेळ लादण्याचा प्रयत्न केला. विरोधामुळे तो पुढे मागे घ्यावा लागला. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ अमलात आली, तेव्हा मुंबईच्या घड्याळांना एकोणचाळीस मिनिटे पुढे जावे लागणार होते. बंगालच्या फाळणीला तेव्हा अवघे काही महिने झाले होते.

हा विरोध केवळ सुशिक्षितांचा हट्ट होता असे समजणे चुकीचे ठरेल. भोंगा त्याच आकड्यावर वाजला तरी सूर्याच्या हिशोबाने तो एकोणचाळीस मिनिटे आधी वाजणार होता. त्याच जानेवारीत जेकब ससून गिरणीतील कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम बंद पाडले. मुंबई महापालिकेने आपली घड्याळे पुन्हा मुंबई वेळेवर आणली आणि ही दुहेरी व्यवस्था स्वातंत्र्यानंतर पन्नासच्या दशकापर्यंत टिकली. व्हेनेसा ओगल यांनी २०१५ च्या आपल्या ग्रंथात जागतिक प्रमाणवेळेच्या इतिहासात या वादाला महत्त्वाचे स्थान दिले आहे. मात्र त्यास प्रामुख्याने वसाहतविरोधी राजकारण म्हणून पाहिले की १८८४ च्या निवेदनाशी असलेला त्याचा धागा सुटतो. कामगारांच्या दृष्टीने १९०६ चा प्रश्न राष्ट्राचा होता त्याहून अधिक पहाटेच्या झोपेचा होता.

काष्टी परिसर : घड्याळाबाहेरचे श्रम

मुंबईचा हा इतिहास ग्रामीण महाविद्यालयात बसून वाचताना त्याचा आपल्या परिसराशी संबंध काय, असा प्रश्न उपस्थित होतो. काष्टी गाव ज्या दौंड-मनमाड लोहमार्गावर आहे, तो मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. म्हणजे राजाबाई टॉवरचे घड्याळ आणि श्रीगोंद्याच्या रानातून जाणारी आगगाडी एकाच वर्षातील. काष्टीचा रेखांश पाहता येथील सूर्य भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे बत्तीस मिनिटे मागे आहे. गाडी, शाळा आणि बँक प्रमाणवेळेवर चालतात. जनावरांच्या बाजाराची गर्दी मात्र आजही तांबडे फुटण्याशी नाते राखून असते. दोन काळ येथे अजूनही एकत्र नांदतात.

परंतु या सहजीवनाकडे केवळ कौतुकाने पाहता येत नाही. साखर कारखान्याचे गाळप पाळ्यांमध्ये, घड्याळाच्या काट्यावर चालते. त्याच कारखान्याला ऊस पुरवणाऱ्या तोडणी कामगाराची मजुरी मात्र टनावर ठरते. कोयता अंधारातच हाती घ्यावा लागतो, वाहन येईल तेव्हा, रात्री-अपरात्रीही, ते भरून द्यावे लागते. काम संपेल तेव्हा दिवस संपतो. टॉम्प्सन यांनी कामाच्या स्वरूपावरून ठरणारा काळ माणसाला अधिक सहज समजणारा मानला होता. ऊसतोडणीच्या फडात त्या मताची मर्यादा उघड होते. येथे काम हेच मोजमाप आहे, आणि म्हणूनच कामाला शेवट नाही. शेतीपंपाला रात्री वीज मिळाली की मध्यरात्री दारे धरायला उठणाऱ्या शेतकऱ्याची स्थितीही फारशी वेगळी नाही. दिवसा विजेची त्याची मागणी म्हणजे १८८४ च्या सूर्यास्ताच्या मागणीचेच दुसरे रूप होय.

निष्कर्ष

१. महाराष्ट्रीय समाजाला वेळेचे भान घड्याळाने दिले, हे मत टिकत नाही. घड्याळाने वेळ ठरवण्याचा अधिकार ग्रामजोशाकडून मालक आणि सरकार यांच्याकडे नेला.

२. घड्याळ हे केवळ दमनाचे साधन होते, हे मतही अपुरे आहे. लोखंडे यांच्या निवेदनात घड्याळाचा आकडा हे कामगाराचे संरक्षणही होते. तासांची मर्यादा, साप्ताहिक सुट्टी, जादा कामाचा मोबदला हे सारे हक्क मोजता येणाऱ्या वेळेवरच उभे आहेत.

३. मुंबई वेळेचा वाद आणि गिरणी कामगारांच्या मागण्या यांचा एकत्रित अभ्यास होणे आवश्यक आहे.

४. ग्रामीण श्रमिकाला वेळेची किंमत नाही, ही तक्रार वस्तुस्थितीला धरून नाही. त्याच्या वेळेला किंमत दिली जात नाही, हे वास्तव आहे.

आपल्या वर्गात सकाळच्या तासाला उशिरा पोहोचणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी रात्री पिकाला पाणी दिलेले असते, काहींचे आईवडील फडावर असतात. त्यांच्या हजेरीपुढे शेरा मारताना अध्यापकाच्या हाती असलेले घड्याळ कोणत्या इतिहासातून आले आहे, याचे भान असणे हाही अध्यापनाचाच भाग मानला पाहिजे.