नागरिकत्व, संवाद आणि बोधगम्यता

युर्गेन हाबरमास यांच्या समाजतत्त्वज्ञानाची चर्चा आपल्याकडे बहुधा राज्यशास्त्राच्या वर्गात होते. भाषेच्या अभ्यासकाने तीत पडणे कित्येकांस अनाठायी वाटेल. तथापि ज्या सिद्धान्ताची उभारणीच भाषिक व्यवहारावर झाली आहे, त्याचा पाया भाषाविज्ञानाने तपासावा, यात काही अतिक्रमण होते असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

बोलणारा प्रत्येक जण नकळत चार दावे करीत असतो, असे हाबरमास यांनी १९७६ सालच्या एका निबंधात प्रतिपादिले : आपले बोलणे समजण्याजोगे आहे, सत्य आहे, उचित आहे आणि प्रामाणिक आहे. संवादात्मक कृतीवरील १९८१ च्या द्विखंडी ग्रंथात मात्र शेवटचे तीन दावेच प्रमुख ठरले. बोधगम्यता केवळ पूर्वअट म्हणून मागे सरली. वरवर पाहता हा फरक किरकोळ आहे. नागरिकत्वाच्या प्रश्नाशी गाठ पडताच तो किरकोळ राहत नाही.

नागरिकत्व व राष्ट्रीय अस्मिता यांविषयीच्या १९९० सालच्या निबंधात हाबरमास म्हणतात की, नागरिकत्वास समान वंश वा समान भाषा यांची गरज नाही; संविधानाच्या तत्त्वांवर रुजलेली राजकीय संस्कृती पुरेशी आहे. जर्मनीच्या एकीकरणाच्या त्या दिवसांत अशी भूमिका घेण्यास धैर्य लागत होते, हे मान्यच केले पाहिजे. परंतु त्यांनी दिलेला स्वित्झर्लंडचा दाखला नीट पाहावा. तेथे संघीय कायद्याचे जर्मन, फ्रेंच आणि इटालियन असे तिन्ही पाठ सारखेच प्रमाण मानले जातात. तेथे समान भाषा नाही हे खरे. पण तिच्या अभावाची भरपाई भाषांतरकारांच्या आणि मसुदाकारांच्या अखंड श्रमाने होते. या श्रमाला हाबरमास यांच्या सिद्धान्तात स्थान नाही. (भाषांतराचा विषय निघालाच आहे म्हणून सांगावेसे वाटते : हाबरमास यांच्या मूळ संज्ञेसाठी आपण 'सार्वजनिक क्षेत्र' असा शब्द वापरतो आणि विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे सरकारी कारखाने उभे राहतात! 'लोकचर्चेचे क्षेत्र' असे म्हणणे बरे.)

आपल्या संविधानाचा ३४८ वा अनुच्छेद याच्या शेजारी ठेवून पाहावा. संसदेने अन्यथा ठरवीपर्यंत सर्वोच्च व उच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालावे, असा त्याचा सर्वसाधारण नियम आहे. राज्य विधिमंडळाने आपल्या भाषेत केलेल्या कायद्याचे राजपत्रातील इंग्रजी भाषांतर हा त्याचा अधिकृत इंग्रजी पाठ समजला जातो. आणि दोन पाठांत विरोध आल्यास इंग्रजी पाठ ग्राह्य धरावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बिहारमधील एका प्रकरणात म्हटले. म्हणजे ज्या शब्दांवर लोकप्रतिनिधींनी मत दिले, ते शब्द वादाच्या प्रसंगी निर्णायक ठरत नाहीत.

यावर हाबरमास यांचे समर्थक म्हणतील की, न समजलेले समजावून घेण्यासाठी विशदीकरणाच्या चर्चेची सोय त्यांनी ठेवलीच आहे. ती आहे, हे खरे. परंतु ही चर्चा कोणत्या भाषेत व्हावयाची? सत्यतेचा दावा अमान्य करणारा श्रोता संवादात राहूनच तो अमान्य करतो. बोधगम्यतेच्या दाव्याचे तसे नाही. उच्च न्यायालयात बसलेल्या ज्या पक्षकाराला इंग्रजी येत नाही, त्याला 'मला समजले नाही' एवढे म्हणण्यासाठीही वकिलाच्या तोंडाकडे पाहावे लागते.